केराचा आठवडा

बेचाळिसाव्या वर्षी माणसानं नवीन काही सुरू करू नये, असं माझं ठाम मत आहे. बायकोचं नाही. तिला श्टुटगार्टच्या नोकरीचं पत्र आलं, तेव्हा मी भोसरीतल्या एका कारखान्यात क्वालिटीचा डेप्युटी मॅनेजर होतो. सतरा वर्षं गाड्यांचे सुटे भाग मोजण्यात गेली होती. माझ्या सहीशिवाय एक पेटी गेटबाहेर जात नसे. (गेलेल्या पेट्यांचा विषय इथे नको.)

"तुला कसली काळजी?" मामा म्हणाला. "मोटारगाडीचं माहेर आहे ते. पायघड्या घालतील तुझ्यासाठी." मामाचं तसं चुकत नव्हतं. गोटलीब डाइमलरनं आपलं इंजिन तिथल्याच कानश्टाटमध्ये, बागेतल्या काचघरात खटपट करून बनवलं. रोबर्ट बॉशनं १८८६ साली आपलं पहिलं वर्कशॉप याच गावात काढलं. शिवाय मुंबई आणि श्टुटगार्ट या १९६८ पासून भगिनीनगरी आहेत. मी पुण्याचा, त्यामुळे मुंबईच्या बहिणीशी माझं नातं जरा लांबचं आणि थोडं ताणलेलं. पण अडीअडचणीला सांगायला बरं.

राहता राहिली भाषा. ब्लू कार्डवर जाणाऱ्याच्या जोडीदाराला जर्मन आलंच पाहिजे अशी अट नसते, आणि तिथं पोचल्यावर कुठलीही नोकरी करायची मोकळीक असते. हा नियम मी तीनदा वाचला आणि जर्मनचं पुस्तक मिटून टाकलं. मॅक्सम्युलर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूट यांनी मिळून निम्म्या पेठांना जर्मन शिकवलंय, अशा गावात मी चाळीस वर्षं जर्मनवाचून काढली होती. आणि माझं इंग्रजी कडक. परदेशात इंग्रजीत विचार करायचा, ही खूणगाठ मी विमानात बसायच्या आधीच बांधली. मराठी मी बरोबर नेली ती चकलीच्या सोऱ्याशेजारी, आईच्या समाधानासाठी.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. सोमवारी सकाळी दार उघडतो तर बाहेरच्या मुठीला एक लाकडी पाटी लटकवलेली. छान रंगवलेली, वर झाडूचं चित्र आणि खाली एकच लांब शब्द. मी तो इंग्रजी डोळ्यांनी वाचला. पहिली चार अक्षरं 'केअर'सारखी, पुढं डब्ल्यू. केअर आणि वेलकम! झाडू म्हणजे तिकडचं काहीतरी शुभचिन्ह असणार, आपल्याकडे लक्ष्मी मानतात तसं. भारतात शेजाऱ्यांनी पहिल्या आठवड्यात पाण्याच्या वेळेवरून भांडण काढलं असतं, इथं पाटी देऊन स्वागत. माझे डोळे पाणावले. मी पाटी आत आणली, देवघराच्या वरच्या खिळ्याला लावली, आठ वर्षांच्या मुलीनं तिला हळदीकुंकू वाहिलं आणि बायकोनं फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. बावीस अंगठे आले.

तीन आठवड्यांनी तळमजल्यावरच्या आजी वर आल्या. इथं आजींना आजी म्हणायची सोय नाही. 'फ्राउ' लावून आडनावानं हाक मारायची आणि 'अहो'च करायचं. आडनाव मी लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही आणि मला त्यांना न आवडणारं काही करायचं धाडस उरलेलं नाही. त्या पाच मिनिटं बोलल्या. शाळेत जर्मन शिकू लागलेल्या मुलीनं मला दोन वाक्यांत भाषांतर केलं.

"बाबा, त्या विचारतायत पाटी कुठंय. आणि त्या म्हणतायत जिना कधी झाडणार."

तर ती पाटी सगळ्या इमारतीची. ज्या घराच्या दारावर ती लटकेल, त्या घरानं तो आठवडा जिना झाडायचा, पुसायचा, कठडा फडक्यानं स्वच्छ करायचा आणि शेवटी पाटी पुढच्या दाराला अडकवायची. आम्ही ती देवघरात नेल्यामुळे चक्र थांबलं होतं. कुणाची पाळी हेच कुणाला कळेना, आणि नियमाबाहेर जाऊन झाडू मारणारा माणूस त्या इमारतीत नव्हता. तीन आठवड्यांची धूळ जिन्यात माझ्या नावानं साचली होती. ही पद्धत इथं आजची नाही. दाढीवाला एबरहार्ड म्हणून एक सरदार या मुलखावर राज्य करत होता, त्याच्या काळात, १४९२ साली, शहराच्या कायद्यातच लिहून ठेवलं गेलं की ज्यानं त्यानं आपला कचरा दर आठवड्याला साफ करावा. त्याच वर्षी कोलंबस भारताकडे निघून भलतीकडे पोचला. मी भारतातून निघून बरोबर पत्त्यावर पोचलो आणि तरीही चुकलो.

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर मुलीनं आजीला सगळं रंगवून सांगितलं. पाटी दाखवली. शब्द वाचून दाखवला, "केर-वोखं. वोखं म्हणजे आठवडा."

"हो का," आई म्हणाली. "केराचा आठवडा. मग मराठीतच आहे की. ह्याला कळलं नाही?"

ह्याला कळलं नव्हतं. जर्मनमध्ये झाडण्याला 'केरन' म्हणतात, हे मला नंतर कोशात सापडलं. आईला कोश लागला नाही.

इकडे नोकरीचे अर्ज चालू होते. मी चौसष्ट अर्ज केले. त्यातल्या अठ्ठावन्न ठिकाणी माझ्या बायोडेटाला केराची टोपली दाखवण्यात आली, अत्यंत सभ्य भाषेत. बाकीच्यांनी सभ्यपणाही केला नाही. मला वाटलं, रंगाचा प्रश्न असेल, वयाचा असेल. शेवटी अर्ज तपासून सल्ला देणाऱ्या एका बाई आहेत असं कळलं, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी माझं अनुभवाचं पत्र वाचलं. मग चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि हळू आवाजात इंग्रजीत विचारलं, "त्या कंपनीत तुमचं कुणाशी काही झालं होतं का?"

आता त्या पत्राबद्दल सांगतो. मूळ पत्र आपल्याकडच्या प्रत्येक कंपनीत असतं तसंच. त्यांचं काम समाधानकारक आढळलं, त्यांनी मनापासून प्रयत्न केले, ३१ मार्च रोजी त्यांना कार्यमुक्त करण्यात आलं. सही, शिक्का. याचं जर्मन भाषांतर रीतसर शपथ घेतलेल्या अनुवादकाकडून करून घ्यायचं असतं. तो पानागणिक पैसे घेतो. माझ्या फोनवरचं अॅप घेत नाही. मी कोकणस्थ आहे एवढं सांगून पुढं जातो.

जर्मनीत सोडून जाणाऱ्या नोकराला लेखी प्रशस्तिपत्र देणं मालकावर कायद्यानं बंधनकारक आहे. ते खरं हवं, आणि माणसाचं पुढचं नुकसान होणार नाही असं सद्भावनेचंही हवं. आता नालायकाबद्दल खरंही लिहायचं आणि चांगलंही लिहायचं म्हणजे पंचाईत. त्यातून इथल्या लोकांनी एक सांकेतिक भाषा काढली. 'नेहमीच आमच्या संपूर्णातल्या संपूर्ण समाधानास उतरले' असं लिहिलं तर माणूस पहिल्या नंबरचा. व्याकरणाच्या मास्तरांना तो 'संपूर्णातला संपूर्ण' सोसत नाही, पण नोकरी मिळते. 'नेहमीच संपूर्ण समाधान' म्हणजे दुसरा नंबर. नुसतंच 'समाधान' म्हणजे ढकलपास. आणि 'त्यांनी प्रयत्न केले' असं लिहिलं, तर तो मनुष्य दाराशीही उभा करू नये. आपल्या पेठांत स्थळाची चौकशी केली की "मुलगी घर सांभाळून असते" म्हणतात आणि ऐकणारा पुढची सुपारी खिशात परत ठेवतो, तसला प्रकार.

माझ्या पत्रात समाधान नुसतं होतं आणि प्रयत्न मनापासून. त्यावर कळस अॅपनं चढवला होता. 'कार्यमुक्त'ला इंग्रजीत जो शब्द होता, त्याचं त्यानं केलं 'हायसं वाटलं'. म्हणजे मी चौसष्ट जर्मन कारखान्यांना कळवलं होतं, की या इसमानं सतरा वर्षं जेमतेम काम केलं, जमत नसताना धडपडला आणि ३१ मार्चला एकदाचं हायसं वाटलं. कुणाला, ते पत्रात स्पष्ट नव्हतं. बाई म्हणाल्या, "मला वाटतं, दोघांनाही."

मग मी निमूट भाषेच्या वर्गात नाव घातलं. नव्यानं येणाऱ्यांसाठी इथं एक अभ्यासक्रम असतो, सहाशे तास भाषा आणि शंभर तास देशाचा इतिहास, कायदा वगैरे. वर्गात सीरियाचा दंतवैद्य होता, ब्राझीलची वकीलीण होती, युक्रेनची हिशेबनीस होती. पहिल्या दिवशी प्रत्येकानं ओळख करून दिली. "मी दंतवैद्य होतो." "मी वकील होते." शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या की भूतकाळ दोन महिन्यांनी आहे, पण आमच्या वर्गाला तो आधीच येत होता.

मी आयुष्यात प्रथमच वर्गात पहिला येऊ लागलो, आणि तेही अगदी अनवधानानं. जर्मनमध्ये 'दहा'ला 'त्सेन' म्हणतात. दंतवैद्याची जीभ तिथं अडखळायची. मी 'चाक' आणि 'चोर'मधला 'च' लावून दिला, बाईंनी टाळ्या वाजवल्या. गावाचं नाव 'श्ट'नं सुरू करायचं. 'श्टाईल' म्हटल्याबद्दल पाचवीत मला पट्टी बसली होती, तो उच्चार इथं शुद्ध. आणि आकडे! जर्मन माणूस एकवीस म्हणताना एक आधी म्हणतो, वीस नंतर. पंचवीस, पस्तीस, सगळं आपल्यासारखं. ब्राझीलची वकीलीण रडकुंडीला आली. आपल्याकडे २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा केवढा गहजब झाला होता! इथंही लोकांनी 'वीस-एक' म्हणावं यासाठी झटणारी एक संस्था आहे, आणि तिचं नावच 'वीस-एक' आहे. लोक अर्थात तिचं ऐकत नाहीत.

मग मी चढून गेलो. "आमच्यातही तीन लिंगं असतात," असं वर्गाला सांगून बसलो. चमचा तो, इथवर जमलं. पण काटा इथं ती, सुरी ते, सूर्य चक्क ती. मुलगी तर नपुंसकलिंगी. घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आमच्या नपुंसकलिंगानं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

मधल्या काळात तळमजल्याशी तह झाला होता. आमची पाळी आली की मी जिना असा काही काढत असे, की सतरा वर्षांचा क्वालिटीतला अनुभव तिथं कामी यावा. पायरीचे कोपरे, कठड्याचा खालचा भाग, दिव्याच्या बटणावरचे डाग. मी एक तक्ताही केला होता. आजी दाराच्या फटीतून बघत. एका शनिवारी त्यांनी मला आत बोलावलं आणि वाडग्यात सूप दिलं. त्यात कणकेचे चौकोनी पुडे तरंगत होते, नागपंचमीच्या दिंडांसारखे. मी शाकाहारी आहे, हे त्यांना माहीत असावं असं माझं मत. विचारायचं मी कशाला. चार खाल्ले. हिरवं सारण, पालकासारखं. मग त्यांनी कौतुकानं त्या पदार्थाची गोष्ट सांगितली. ईस्टरच्या आधीच्या उपासात मांस चालत नाही, म्हणून माउलब्रोनच्या मठातल्या साधूंनी म्हणे मांस पालेभाजीत मिसळून कणकेत लपवलं, वरून देवाला दिसू नये म्हणून. इथल्या बोलीत त्याला 'देवाला फसवणारे चिमुकले' अशा अर्थाचं एक लाडाचं नाव आहे. प्रत्यक्ष देवाला जे दिसलं नाही, ते भोसरीच्या डेप्युटी मॅनेजरला काय दिसणार? आई, तू हे वाचत असशील, तर ही गोष्ट दुसऱ्या एकाची आहे.

पत्राचं नवीन, शपथेवरचं, पैसे मोजून केलेलं भाषांतर झालं आणि पंधरा दिवसांत एका कारखान्यातून फोन आला. गुरुवारी, 'हाल्ब डराय'ला भेटायला या. मी आनंदानं होकार दिला. हाल्ब म्हणजे हाफ, डराय म्हणजे थ्री. हाफ थ्री. साहेब लोक साडेतीनला तसंच म्हणतात, मला ठाऊक होतं, मी इंग्रजी सिनेमे बघितलेले. हे गाव खोलगट दरीत बसलंय आणि चारशेहून जास्त सार्वजनिक जिने त्याला वर काढत असतात. त्यातला एक जिना घामानं शर्ट ओला होऊ नये म्हणून मी सावकाश चढलो. तीन वाजून पंचवीस मिनिटांनी त्यांच्या दारात उभा. पाच मिनिटं आधी, अस्सल जर्मन शिस्त.

काउंटरवरच्या बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत घड्याळाकडे. "तुम्हाला हाल्ब डराय सांगितलं होतं."

"हो," मी म्हणालो, "मी थोडा लवकर आलोय."

जर्मन लोकांना विनोदबुद्धी नसते म्हणतात. त्या दिवशी ती माझ्याजवळ भरपूर आहे असा त्यांचा समज झाला. त्यांनी मला पाणी दिलं आणि वाटेला लावलं.

रात्री बाबांना फोन केला. बाबा मराठीचे निवृत्त शिक्षक. मी म्हणालो, "बाबा, विचित्र भाषा आहे. तीन अर्धा म्हणजे अडीच!"

"अरे गाढवा," पलीकडून आवाज आला, "अडीच म्हणजे तरी काय? अर्धतृतीय. दोन पुरे आणि तिसरा अर्धा. त्याचंच झालं अडीच. अर्धचतुर्थाचं औट. औटकी पाठ करून घेतली होती ना तुझ्याकडून आजीनं?"

घेतली होती. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. मार खाऊन पाठ केली आणि इंजिनीअरिंगला गेल्यावर विसरलो. जर्मन तर दीडलाही 'दुसरा अर्धा' म्हणतात. माझी आजी तिथं बरोबर वेळेवर पोचली असती. मला बोलावलं अडीचला, मी गेलो औटला, आणि ती नोकरीही औटघटकेचीच ठरली.

शेवटी नोकरी मिळाली ती वशिल्यानं. इथं वशिल्याला 'व्हिटामिन बे' म्हणतात. बे म्हणजे 'बी', आणि 'बी'वरून त्यांचा ओळखीपाळखीचा शब्द सुरू होतो. डॉक्टर भारतीयांचं रक्त तपासून 'डी' कमी आहे सांगतात, पण परक्या देशात खरी उणीव असते ती 'बी'ची. आजींचा भाचा शहराबाहेर डोंगरावरच्या एका गावात छोटा कारखाना चालवतो, पंचेचाळीस माणसांचा, हायड्रॉलिकचे दांडे बनवतात. आजींनी त्याला फोन केला. माझ्या पदव्यांचा उल्लेख केला नाही. "हा माणूस कोपरे झाडतो," एवढंच सांगितलं.

भाच्यानं एक दिवस कामावर येऊन दाखवा म्हटलं. म्हातारा फोरमन ग्रॅनाइटच्या सरफेस प्लेटवर दांड्याचा वाकडेपणा मोजत होता, डायल गेज लावून. मला म्हणाला, "हेब!" सहाशे तासांत मी शिकलो होतो की 'हेबन' म्हणजे उचलणं. मी उचलला. डायल गेज स्टँडसकट माझ्या पायावर. फोरमननं डोळे मिटले. हा श्वाबेन मुलूख. इथल्या बोलीत 'हेबन' म्हणजे नुसतं धरणं, उचलायला निराळा शब्द आहे. या राज्यानं स्वतःच १९९९ पासून जाहिरात चालवली होती की आम्हाला सगळं येतं, फक्त शुद्ध जर्मन येत नाही. मी ती जाहिरात बघितलीही होती. मला वाटलं, विनय आहे.

दवाखान्यात मात्र माझा वेळ बरा गेला. शुद्ध जर्मनमध्ये पाऊल वेगळं आणि तंगडी वेगळी, पण डॉक्टर त्याच गावचे. त्यांच्या बोलीत पावलाचाच शब्द थेट कमरेपर्यंत जातो. आपला पाय जातो तसा. त्यांनी विचारलं पाय कुठं दुखतो, मी दाखवलं. परदेशात पहिल्यांदाच माझं कुणाशी एका वाक्यात जमलं.

तरी कारखान्यानं मला ठेवून घेतलं. सहा महिने परीक्षेचे. मालक रोज सकाळी माझ्या टेबलावरून जायचे, माझी मोजमापं वाचायचे आणि न बोलता पुढं. चांगलं नाही, वाईट नाही. भोसरीत आमचे साहेब दर शुक्रवारी मला झापायचे आणि सोमवारी पाठीवर थाप मारायचे, त्यामुळे आपण आहोत एवढं तरी कळायचं. इथं पाचव्या महिन्यात माझी झोप उडाली. मी मनातल्या मनात माझं प्रशस्तिपत्र लिहून पाहू लागलो. 'त्यांनी प्रयत्न केले.' शेवटचा दिवसही तसाच गेला. मालक आले, वाचलं, गेले.

जिना पुसताना मी आजींना म्हणालो, बहुतेक मला काढणार. काही बोलतच नाहीत.

"ओरडले का?" आजींनी विचारलं.

"नाही."

"मग?" त्या म्हणाल्या. "ओरडले नाहीत म्हणजे कौतुक केलं. आणखी काय हवंय?" आणि दुसऱ्या पायरीचा डावा कोपरा राहिलाय हे बोटानं दाखवून त्यांनी दार लावून घेतलं.

त्याला आता दीड वर्ष झालं. मी अजून तिथंच आहे, पगार वेळेवर होतो आणि मालक अजून काही बोललेले नाहीत. या आठवड्यात पाटी आमच्या दारावर आहे, बाहेरच्या बाजूला. तेव्हा शनिवारी कुणी फोन करणार असाल तर सकाळी करू नका, मी जिन्यात असेन. आणि एक ते तीन या इमारतीत कुणी मोठ्यानं बोलत नाही. हाल्ब फिअरला करा. म्हणजे औटला.